थंडरबर्डची जंक-चाळणी : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

वरूड तालुक्यातील आमच्या संत्रा उत्पादक कंपनीचा पत्रव्यवहार माझ्याकडे आहे. व्यापाऱ्यांची विचारणा, माती परीक्षणाचे अहवाल, बँकेची पत्रे हे सारे एकाच ईमेल पत्त्यावर येत असे. तो पत्ता माहितीपत्रकावर आणि क्रेटवर छापलेला असल्यामुळे त्यावर रोज साठ-सत्तर नको असलेली पत्रेही येऊन पडत होती. जून महिन्यात मी लॅपटॉपवर थंडरबर्ड हा ईमेल वाचण्याचा मोफत प्रोग्राम घेतला आणि त्यातील जंक ओळखण्याची सोय सुरू केली.

ही सोय कशी चालते हे समजून घेतल्याशिवाय तिच्याबद्दल मत बनवू नये. आपण ‘जंक’ ठरवलेली आणि ‘जंक नाही’ ठरवलेली, अशा दोन्ही पत्रांतील शब्द ती मोजत जाते आणि नवे पत्र कोणत्या बाजूला झुकते याचा अंदाज बांधते. ‘लोन’ हा शब्द फसव्या पत्रातही असतो आणि पीककर्जाबद्दल बँकेने पाठवलेल्या पत्रातही असतो, त्यामुळे निवाडा त्या एका शब्दावर न होता सोबतच्या सगळ्या शब्दांवर होतो.

पहिले तीन आठवडे मी ‘जे’ ही कळ दाबून फक्त वाईट पत्रे दाखवत राहिलो आणि चांगली पत्रे वाचून तशीच सोडून दिली. परिणामी ‘रेट’, ‘ऑफर’, ‘पेमेंट’ असे शब्द असलेली व्यापाऱ्यांची पत्रेही जंकमध्ये जाऊ लागली. चूक माझीच होती. मग एका रविवारी बसून मागील हंगामाची दोनशेच्या आसपास खरी पत्रे ‘शिफ्ट’ आणि ‘जे’ दाबून ‘जंक नाही’ अशी नोंदवली, व्यापाऱ्यांचे पत्ते अॅड्रेस बुकमध्ये घातले आणि त्या पत्त्यांवरून आलेले पत्र जंक ठरवू नये हा पर्याय चालू ठेवला. पोळ्यापर्यंत इनबॉक्समध्ये दिवसाला चार-पाचच नकोशी पत्रे उरली.

तरीही ऑक्टोबरमध्ये आमचे नुकसान झाले, आणि त्याचे कारण ही चाळणी नव्हती. पत्र लॅपटॉपवर येण्याआधी टपालसेवेच्या सर्व्हरवर आणखी एक चाळणी लागते, हे मी विसरलो होतो. आंबिया बहाराच्या, म्हणजे संत्र्याच्या एका हंगामाच्या, ४० क्रेटचा नमुना मागणारे एका नव्या व्यापाऱ्याचे पत्र त्या सर्व्हरच्या स्पॅम फोल्डरमध्ये १९ दिवस पडून राहिले. मी फोन केला तेव्हा त्यांचा सौदा दुसरीकडे झाला होता. जीमेलसारख्या सेवेत स्पॅममधील पत्र ३० दिवसांनी आपोआप कायमचे पुसले जाते. म्हणून आता दर सोमवारी आणि गुरुवारी तो फोल्डर मी स्वतः उघडतो. माझ्या मते चार जाहिराती इनबॉक्समध्ये आल्या तरी चालतील, पण कामाचे एकही पत्र हरवता कामा नये.

फसव्या पत्रांच्या बाबतीत मात्र मी प्रोग्रामवर विसंबत नाही. डिसेंबरमध्ये आमच्या एका ज्येष्ठ संचालकांनी सौर पंपाच्या नोंदणीसाठी ५,६०० रुपये भरा, असे सांगणारे पत्र मला दाखवले. वर नाव कुसुम योजनेचे होते, बोधचिन्हही होते. “काकाजी, नाव पाहू नका, पत्त्याचा शेवट पाहा,” असे म्हणून मी नावावर क्लिक केले, तेव्हा पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ नव्हते. या योजनेच्या नावाने चालणाऱ्या बनावट संकेतस्थळांबद्दल केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने वेळोवेळी सावध केलेले आहे. कोणी पैसे भरलेच असतील तर क्षणही न दवडता सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर कळवावे.

‘अनसबस्क्राइब’, म्हणजे पत्रे पाठवणे बंद करा असे कळवणारा दुवा, कुठे दाबावा हेही अनुभवाने ठरले. ज्या दुकानातून आपण खरोखर खरेदी केली आहे, तिथे तो अवश्य दाबावा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना जाहिरातीच्या पत्रात एका क्लिकची ही सोय द्यावीच लागते. अनोळखी पत्रातील दुव्याला हात लावू नये, कारण पत्ता चालू असल्याची खात्री त्यातूनच पाठवणाऱ्याला मिळते. पत्रातील बाहेरची चित्रे आपण होऊन न उघडण्याची थंडरबर्डची पद्धत मला याच कारणासाठी मोलाची वाटते.

एक मर्यादा सांगायला हवी. हे सारे शिकवणे लॅपटॉपवर होते, आणि आमचे सचिव तीच पत्रे मोबाईलवर दुसऱ्या अॅपमध्ये वाचत असत, तिथे त्याचा उपयोग होत नसे. यावर उपाय म्हणून जानेवारीत बँकेसाठी वेगळा पत्ता काढला असून तो कुठेही छापलेला नाही. मृग बहाराची, म्हणजे संत्र्याच्या दुसऱ्या हंगामाची, तोड सुरू असताना सचिवांच्या फोनवर आता तेवढाच पत्ता ठेवला आहे.