बेळगावात आरमार: जुनी नियमपुस्तकं आठ महिने वापरल्यावर

समुद्र बघायचा तर आम्हाला चोर्ला घाट उतरावा लागतो. तरी गेल्या पावसाळ्यापासून शहापुरातल्या आमच्या घरात एक रविवार सोडून एक रविवार आरमारी लढाई होते. वीतभर-फूटभर लाकडी जहाजं, टेप आणि नियमांचं पुस्तक, एवढंच सामान. जहाजं उद्यमबागेतल्या पॅटर्नवाल्या (ओतकामासाठी लाकडी नमुने करणाऱ्या) दोस्तानं उरलेल्या लाकडातून करून दिली. पुस्तकानं मात्र घाम काढला.

मला फ्लेचर प्रॅटचंच हवं होतं. या अमेरिकी लेखकानं १९३०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मित्रांना जमिनीवर पालथं पाडून हा खेळ खेळवला. यात फासे नाहीत. समोरचं जहाज किती इंचांवर आहे याचा डोळ्यांनी अंदाज करायचा, आकडा लिहायचा, नेमाच्या दिशेनं बाण ठेवायचा. मग पंच टेप लावतो आणि गोळा पडला तिथं खूण ठेवतो. तिकडे गोल्फच्या टी वापरायचे, आम्ही चिंचोके वापरतो.

आधी कॅम्पातली रद्दी धुंडाळली. मिलिटरीच्या घरातून काहीतरी निघेल असं वाटलं होतं. निघाली ती जुन्या गाड्यांची मॅन्युअलं. मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावात आरमाराची पुस्तकं कोण ठेवणार म्हणा! मग परदेशातल्या एका विक्रेत्याकडून ‘मूळ प्रत’ मागवली. टपाल आणि कस्टम धरून साडेसहा हजार गेले. प्रत जुनी होती, वासासकट. पण मधली आठ पानं गायब, आणि जहाजाचं नुकसान मांडायची रीत नेमकी त्यातच. तीन मेल केले, उत्तर नाही.

शेवटी जॉन करी यांनी इंग्लंडमधून काढलेलं पुनर्मुद्रण घेतलं. हे गृहस्थ जुन्या युद्धखेळांची पुस्तकं पुन्हा छापत असतात. छपाई साधीच, बांधणी आता सैल होत चाललीय. पण पानं सगळी आहेत.

आता वापराबद्दल. तोफांचा व्यास आणि संख्या, चिलखत, वेग, वजन या सगळ्यांवरून प्रत्येक जहाजाचे गुण काढायचे. हा हिशेब कंटाळवाणा आहे, पण एकदाच करावा लागतो. गुण घटतील तसा वेग कमी होतो, तोफा बंद पडत जातात. जहाज एकदम बुडत नाही, लंगडत जातं, आणि खरी मजा त्या लंगडण्यात आहे.

पुस्तकात नसलेली अडचण आमच्या घरात निघाली. हॉलला दोन फुटी शहाबादी फरशी. दुसऱ्याच डावात आमचा विणकर शेजारी दर वेळी अचूक आकडा लिहायला लागला. "फरश्या मोजालास काय बे?" म्हटल्यावर हसला नुसता. तेव्हापासून मंडपवाल्याकडून निळं जाजम आणतो. सांधे झाकले गेले, समुद्रही झाला. तरी विणकराचा अंदाज आमच्यापेक्षा बराच सरस. हातमागावर नजर अशी घडते म्हणतो.

पॅटर्नवाल्याचं वेगळंच. एकदा टेप सापडेना म्हणून त्यानं आपली पट्टी काढली आणि पंच होऊन मोजायला बसला. लागलेच म्हणून खात्री असलेले गोळे इंचभर चुकायला लागले. अर्ध्या तासानं उलगडलं: ती बिडाच्या कामाची आकसाची पट्टी होती. ओतीव थंड होताना आकसतं म्हणून तिच्यावरचा फूट एक सूत (अष्टमांश इंच) मोठा असतो. आठ फुटांवर झाला की पुरा इंच! आणि ‘ग्राफ स्पे’ या जर्मन युद्धनौकेचं आमचं मॉडेल आहेच जेमतेम दीड इंच रुंद.

‘ग्राफ स्पे’ मुद्दाम केली. १३ डिसेंबर १९३९ ला दक्षिण अमेरिकेतल्या रिव्हर प्लेटजवळ तिच्याशी ‘एक्झेटर’, ‘एजॅक्स’ आणि ‘अकिलीस’ या ब्रिटिश बाजूच्या तीन क्रूझर (मध्यम आकाराच्या युद्धनौका) लढल्या. यातली ‘अकिलीस’ १९४८ मध्ये आपल्या नौदलात येऊन ‘दिल्ली’ झाली, त्यामुळे ती चालवायला आमच्यात भांडणं होतात. डिसेंबरात हा डाव मांडला तर ‘अकिलीस’ तिसऱ्याच फेरीत लंगडी झाली, माझ्याच हातून.

सोबत फ्रेड जेन या इंग्रज लेखकाच्या आरमारी खेळाचं पुनर्मुद्रणही घेतलं. मूळ खेळ १८९८ सालचा. त्यात गोळा कुठं लागला ते ठरवायला जहाजाचं चित्र असलेल्या कार्डावर खिळा बसवलेली फळी आपटायची, आणि खिळा मधोमध नसतो. ऐकायला धमाल, पण दर डावाला कार्डं फाटणार. आम्ही दोनदा खेळून ठेवून दिलं. डोनाल्ड फेदरस्टोन या इंग्रज लेखकाचं आरमारी खेळांवरचं १९६५चं पुस्तक वल्ह्यांच्या गलबतांपासून पुढं सगळे काळ घेतं. वाचायला छान आहे, खेळायला मी फारसं काढत नाही.

घ्यायचंच तर प्रॅटचं पुनर्मुद्रण घ्या. मोठा हॉल हवा, निदान तीन माणसं हवीत (एक पंच), आणि गुडघे शाबूत हवेत. माझे नाहीत, म्हणून हल्ली मीच पंच असतो. मूळ प्रतीतल्या गायब आठ पानांच्या जागी पुनर्मुद्रणातल्या तेवढ्या मजकुराच्या झेरॉक्स घालून ठेवल्यात. साडेसहा हजारांची आहे, कपाटात तरी पुरी दिसावी.