स्टिकी नोट्स आणि स्टोरीबोर्डर

ॲनिमेशनच्या डिप्लोमा फिल्मला हात घातला तेव्हा स्टोरीबोर्ड, म्हणजे फिल्मचे शॉट आधी चित्रांत ओळीने मांडणं, ही देखण्या चित्रांची वही असते, असंच माझ्या डोक्यात होतं. गोष्ट दोन मिनिटांची. आजी गच्चीवर पापड वाळत घालते आणि पाण्याच्या टाकीवर कावळा टपून बसलाय. नऊ दिवस खपून 22 पॅनेल, म्हणजे चौकटीतली चित्रं, काढले, सावल्यांसकट. मॅडमनी पाच मिनिटांत त्यातले आठ बाद केले. वाचलेल्यांत एक जिन्याचा शॉट होता. त्याचा गोष्टीशी काही संबंध नव्हता, पण मी त्याचा फोटो कौतुकाने आईला पाठवला होता. चित्र छान जमलं की शॉट टाकवत नाही, हीच खरी गोची.

मग तीन इंची चौकोनी स्टिकी नोट्स आणल्या. पूर्ण रुंदीत 16:9 ची चौकट आखली की उंची होते साधारण 1.7 इंच, उरलेल्या जागेत संवाद आणि हालचाल. फोनवर टायमर, एका पॅनेलला एक मिनिट. आजी म्हणजे अंडं आणि वर अंबाडा, कावळा म्हणजे काळा त्रिकोण. दोन संध्याकाळींत 64 पॅनेल कपाटाच्या दारावर लागले. चार पावलं मागे जाऊन बघते तर आजी उजवीकडे बघतेय आणि पुढच्या शॉटमध्ये कावळाही उजवीकडेच! दोघं जणू शेजारच्या बिल्डिंगकडे बघतायत. कॅमेऱ्याने 180 अंशांची रेषा, म्हणजे दोघांना जोडणारी काल्पनिक रेषा, ओलांडली होती. चार नोट्स नव्याने काढल्या, पाच मिनिटांत मिटलं. (नोट्सना नंबर घाला. मी घातले नव्हते आणि पंखा पाचवर होता.)

त्यानंतर वंडर युनिटचं स्टोरीबोर्डर हे सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे. प्रत्येक पॅनेलला वेळ, संवाद, ॲक्शन, नोट्स असे रकाने. आपण बदललं नाही तर पॅनेल दोन सेकंदांचं धरलं जातं, म्हणून वेळ भरायचा कंटाळा करू नका. चित्र काढायचा टॅबलेट नसेल तर चौकटींचा कागद प्रिंट करून त्यावर पेन्सिलने काढायचं आणि फोटो आत घ्यायचा. माझी रूममेट तसंच करते. ब्रश मोजकेच आहेत, ते मला पथ्यावरच पडलं. रंगवत बसायचा मोह झाला की मी क्रिटा हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर उघडते आणि मग दिवस जातो.

प्ले दाबून सगळं सलग पाहिलं तेव्हा फिल्म निघाली 2 मिनिटं 50 सेकंदांची. जास्तीचे 50 सेकंद म्हणजे सेकंदाला 24 च्या हिशेबाने 1200 फ्रेम, टू'ज वर, म्हणजे एक ड्रॉइंग दोन फ्रेमना वापरून, केलं तरी 600 ड्रॉइंग. क्लीनअप (कच्च्या रेषा स्वच्छ करणं) आणि रंगासकट माझी दिवसाला आठ होतात. अडीच महिने! त्याच रात्री कात्री लावली.

कॅमेऱ्याच्या हालचालीचे बाण काढायला मी अजून विसरते, आणि मग लेआउटला, म्हणजे शॉटची नेमकी चौकट आणि मांडणी ठरवताना, डोकं धरून बसते.

जिन्याचा शॉट त्या रात्री गेलाच. आईने तो अजून व्हॉट्सॲपच्या डीपीला ठेवलाय.