काबेटोगामाच्या बेटावर तीन रात्री, आईसकट

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं काबेटोगामा लेकवरच्या एका बेटावर तंबू टाकून तीन रात्री राहून आलो. मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि साताऱ्याहून चार महिन्यांसाठी आलेली माझी आई, वय ७१. परत आल्यापासून ओळखीपाळखीचे सगळे एकच विचारतायत, "आईंना तिथं जमलं कसं?" छान जमलं. उन्हाळ्यात आईवडील इकडे आले की त्यांना मॉल आणि मंदिराच्या पलीकडे कुठे न्यायचं हा प्रश्न आपल्या सगळ्यांनाच पडतो, म्हणून सविस्तर लिहिते.

जागा म्हणजे व्हॉयाजर्स नॅशनल पार्क. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या अगदी वरच्या टोकाला, कॅनडाच्या हद्दीला लागून, मिनियापोलिसहून गाडीने साडेचार-पाच तास. पार्क १९७५ सालचा. रेनी, काबेटोगामा, नामाकन आणि सँड पॉइंट ही चार मोठी सरोवरं, त्यांत पाचशेच्या वर बेटं. गाडी काठापर्यंतच जाते आणि तंबूच्या सगळ्या जागा पाण्यापलीकडे, त्यामुळे होडी लागतेच. पार्कात शिरायला तिकीट नाही. जागेचं भाडं तेवढं असतं आणि ती रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी वेबसाइटवर आधी धरून ठेवावी लागते.

याच भागातल्या बाउंडरी वॉटर्स या सरोवरांच्या जंगलात का नाही गेलात, असंही एकाने विचारलं. तिथं बहुतेक ठिकाणी वल्ह्यांचीच होडी चालते आणि एका सरोवरातून दुसऱ्यात जाताना ती डोक्यावर घेऊन जंगलातून चालावं लागतं. आईच्या गुडघ्यांना ते झेपलं नसतं. व्हॉयाजर्सच्या मोठ्या सरोवरांवर मोटरबोट चालते. कूलर, खाट, पाण्याचे कॅन, सगळं होडीत टाका आणि थेट जागेवर उतरवा.

आता जागेबद्दल, कारण तिथं पार्कने खरंच मन लावून काम केलंय. होडी बांधायची सोय, लाकडी चौकटीत माती भरून सपाट केलेला तंबूचा ओटा, लाकडी टेबल-बाक, जाळीची लोखंडी शेगडी, अन्न ठेवायला पोलादी पेटी आणि झाडीत थोड्या अंतरावर बसायचं शौचालय. आईला खाली बसून उठता येत नाही, त्यामुळे माझी निम्मी काळजी त्या शौचालयाची होती आणि ती पहिल्या तासातच मिटली. टिश्यू मात्र घरून न्या. रात्रीसाठी डोक्याला लावायचा टॉर्च हवाच, कारण पायवाटेवर मुळं वर आलेली असतात. आईसाठी घडीची खाट नेली होती. हे मी सगळ्यांना सांगेन. जमिनीवरच्या गादीवरून उठवताना आपलीही कंबर जाते. रात्री थंडी बरीच पडली. आईने स्लीपिंग बॅगेवर सोलापुरी चादर घेतली आणि कानाला रुमाल बांधला.

होडीतून उतरण्याची मला खरी भीती होती. काठ म्हणजे उतरता गुळगुळीत दगड, पाण्याजवळ शेवाळलेला. पण आई नऊवारी नेसते. काष्टा घट्ट खोचला, वर केशरी लाइफ जॅकेट, एक हात जावयाच्या खांद्यावर, आणि होडी टेकायच्या आत तिने नेमका कोरडा दगड हेरून पाय टाकला. तिचं माहेर तापोळ्याजवळचं. कोयना धरणात गाव गेलं तेव्हा ती लहान होती, पुढं बाजाराला, दवाखान्याला, लग्नाला सगळं लाँचमधूनच जाणं. पाण्यावरून घरी जाणं तिला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त सवयीचं आहे, हे मी विसरून गेले होते.

काबेटोगामा हे इथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांनी दिलेलं नाव. रेनी लेकला समांतर पडलेलं सरोवर, असा त्याचा अर्थ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केटल फॉल्सला धरण बांधून इथलं पाणी वाढवलं. नवऱ्याने ही माहिती व्हिजिटर सेंटरमध्ये वाचून आईला सांगितली. ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे हितंबी कुणाचंतरी शिवार आसंल खाली." त्यावर आम्ही कुणीच काही बोललो नाही.

खडक मात्र सह्याद्रीसारखा नाही. आपला काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा. इथला गुलाबी-करडा खडक काही ठिकाणी २८० कोटी वर्षांपर्यंत जुना. बर्फाच्या थरांनी वरची माती खरवडून नेली आणि हाडं उघडी पडावीत तसा तो पडलाय. दुपारी तापतो, संध्याकाळी उशिरापर्यंत ऊब धरतो. लेक आणि आजी दोघी जेवल्यावर त्याच्यावर आडव्या व्हायच्या.

अस्वलांचं सांगायलाच हवं. काळी अस्वलं आहेत आणि ती पोहतात, त्यामुळे बेटावर आहोत म्हणून निर्धास्त राहू नये. ज्याला वास आहे ते सगळं पोलादी पेटीत जातं: पीठ, लोणचं, भडंग, साबण, टूथपेस्ट. आईची मिश्रीची डबीसुद्धा. तिला ते पटेना. "अस्वल काय मिश्री लावनार हाय का?" लेकीने आजीला समजावलं की अस्वलाला वास आवडतो, मग चव बघायला ते येतं. त्यानंतर रोज रात्री आई स्वतः डबी घेऊन पेटीपाशी जायची, कडी लावायची आणि दोनदा ओढून बघायची. अस्वल काही दिसलं नाही.

जेवणात सगळ्यात लक्षात राहिली ती भाकरी. घरून लाकूड नेऊ नका, त्यातून झाडांची कीड पसरते. जमिनीवर पडलेली वाळकी लाकडं वापरायला परवानगी आहे. पहिल्या संध्याकाळी आम्ही हाताला येईल ते गोळा केलं, त्यात बहुतेक पाइन होतं. तव्यावरची भाकरी आईने निखाऱ्यावर टाकली तर तिला टर्पेंटाइनसारखा वास लागला, अर्धी टाकावी लागली. दुसऱ्या दिवशी आई स्वतः काठी टेकत आमच्याबरोबर आली, एकेक लाकूड नखाने खरवडून हुंगलं आणि पांढऱ्या सालीचं बर्च तेवढं घेतलं. त्याची साल कागदासारखी पेटते. निखारे लालभडक, धूर कमी. ज्वारीची भाकरी त्यावर टम्म फुगली, कडेला दोन-तीन काळे ठिपके, वासाला फक्त ज्वारी. ठेचा आणि कांदा. नवऱ्याने सहा खाल्ल्या.

पिण्याच्या पाण्यात हयगय करू नका. काबेटोगामात उन्हाळ्याच्या शेवटी निळं-हिरवं शेवाळ धरतं, पाण्यावर रंग सांडल्यासारखं दिसतं. त्याचं विष उकळून जात नाही, साध्या गाळणीने तर नाहीच. आम्ही पाच-पाच गॅलनचे दोन कॅन नेले, म्हणजे साधारण ३८ लिटर. तीन रात्री चौघांना पिण्या-स्वयंपाकाला पुरलं, शेवटी दोन-तीन लिटर उरलं. आमच्या बेटाच्या वाऱ्याकडच्या खाडीत हिरवा तवंग होता, दुसऱ्या बाजूला पाणी स्वच्छ. लेकीला स्वच्छ बाजूलाच उतरू दिलं. पोहायचं म्हणून येणार असाल तर जुलैत या, डास सोसायची तयारी ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी एल्सवर्थ रॉक गार्डन्सला गेलो. शिकागोच्या जॅक एल्सवर्थ नावाच्या कंत्राटदाराने १९४४ ते १९६५ दर उन्हाळ्यात येऊन एका खडकाळ टेकाडावर फुलांचे वाफे आणि दगडांची शंभराहून जास्त शिल्पं रचली. तिथंही होडीनेच जाता येतं. अर्धा दिवस सहज जातो.

आता वारा, आणि त्याच्या जोडीने होडीची गोष्ट. काबेटोगामा लांबलचक आणि बऱ्यापैकी उथळ आहे. वायव्येकडून वारा सुटला की तासाभरात लाटांना पांढरे फेस येतात. तिसऱ्या दिवशी तसंच झालं. सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत आम्ही काठ सोडला नाही. आमची जागा बेटाच्या आग्नेयेला होती, पाठीशी झाडी, म्हणून तंबू जागचा हलला नाही. समोरच्या बेटावरच्या मंडळींचं छत उडून पाण्यात गेलेलं आम्ही बघितलं. जागा धरताना फोटोतला सूर्यास्त बघू नका, नकाशावर वाऱ्याची दिशा बघा. आणि एक दिवस हातचा ठेवा. परतीच्या दिवशी संध्याकाळचं विमान किंवा दुसऱ्या दिवशी ऑफिसची मीटिंग ठेवून इथं येऊ नका, कारण माणूस मग लाटांत होडी घालतो.

होडी आम्ही काठावरच्या एका रिसॉर्टकडून भाड्याने घेतली होती. सोळा फुटी ॲल्युमिनियमची, २५ हॉर्सपॉवरची मोटर. माणूस बोलायला गोड होता. लाल-हिरव्या खुणा आणि खडकाच्या पांढऱ्या-केशरी खुणा नकाशावर नीट समजावून दिल्या, दहा वर्षांखालच्या मुलांना होडीत लाइफ जॅकेट घालणं कायद्याने सक्तीचं आहे हेही सांगितलं. टाकी फुल आहे म्हणाला. त्याच वेळी आई मागून म्हणाली, "जावईबापू, डबा हलवून बघितलासा का? लाँचवाले आधी हलवून बघत्यात." नवरा म्हणाला, "आई, त्यांनी भरून दिलीय." मीही तेच म्हणाले.

चौथ्या दिवशी वारा पडला. सकाळी सात वाजता निघालो, पाणी काचेसारखं. दोन-तृतीयांश अंतर गेलो असू, मोटरने दोन आचके दिले आणि बंद पडली. नवऱ्याने लाल टाकी उचलली, ती एका हातात वर आली. दिली तेव्हाच ती अर्धी असणार. फोनला रेंज नव्हती. वल्ही होती, ती काढली आणि आम्ही दोघं आलटून पालटून मारत राहिलो. लेक घाबरून आजीला बिलगली होती. आई तिला हळूहळू सांगत होती, तापोळ्याला असंच एकदा लाँच बंद पडली तेव्हा कोण कसं ओरडलं, कुणाची कोंबडी पाण्यात पडली. वीस-पंचवीस मिनिटांनी मासे धरायला आलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याने दोर टाकला आणि ओढून काठाला आणलं. आईने पेटीत उरलेलं भडंगाचं पाकीट त्यांच्या हातात ठेवलं. त्या बाईंनी तिथंच फोडून खाल्लं.

रिसॉर्टवाल्याने पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत आणि माफी मागितली. पण हेच आदल्या दिवशीच्या वाऱ्यात झालं असतं तर होडी खडकांवर गेली असती, एवढं मला कळतं. म्हणून होडीला मी पाचपैकी दोन देईन, पार्कला आणि जागेला पाचपैकी पाच. टाकी स्वतः उचलून बघा, मोजपट्टी बुडवून बघा, जादा कॅन मागून घ्या. लहान मुलाचं लाइफ जॅकेट घरून न्या. तिथं मिळालं ते लेकीच्या कानापर्यंत येत होतं.

लून पक्ष्याबद्दल लिहायचं राहिलं. हा मिनेसोटाचा राज्यपक्षी: काळं डोकं, लाल डोळा, पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी. दिवसा होडीजवळून बुडी मारायचा आणि आम्ही आकडे मोजायचो. एकदा साठाच्या पुढे गेलो तेव्हा भलतीकडेच वर आला. रात्री त्याची हाक पाण्यावरून यायची, लांब, वर चढत जाणारी, मग दुसऱ्या खाडीतून उत्तर. २०२० पासून हा पार्क अंधाऱ्या आकाशासाठी मान्यता मिळालेला आहे. दहानंतर आकाशगंगा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत स्पष्ट दिसत होती. लेकीला झोपवून मी बाहेर आले तर आई खडकावर चादर पांघरून बसलेली. मला म्हणाली, "धरणाच्या आधी आमच्या अंगणातनं आसंच दिसायचं." तिच्याबरोबर बाराच्या पुढपर्यंत बसले.

आई डिसेंबरमध्ये परत जातेय. पुढच्या उन्हाळ्यात येईन म्हणालीय, आणि त्या वेळी मामालाही घेऊन येणार आहे. तेव्हा दोन ओटे असलेली मोठी जागा धरायची, खाटा दोन न्यायच्या आणि बर्चची लाकडं पहिल्याच संध्याकाळी वेचायची.