पाचशेतली दोनशे सतरावी : दहा महिने ऐकल्यानंतर

गेल्या नोव्हेंबरात ही रेकॉर्ड घरी आली. आता गणपतीची चवथ होऊन गेली, म्हणजे दहा महिने झाले. एवढ्या दिवसांत ती साठ-सत्तर वेळा तरी लावली असेन. गोव्यातल्या डिचोलीतला एक अख्खा पावसाळा तिने माझ्याबरोबर काढला, आणि तिच्यावरून आम्हा चौघांत जेवढा वाद झाला तेवढा दुसऱ्या कुठल्याच रेकॉर्डवरून झालेला नाही. नवी असताना लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून थांबले होते.

रेकॉर्डचं आणि ती काढणाऱ्यांचं नाव देत नाही. पुढे तक्रारी येणार आहेत, आणि प्रती केव्हाच संपल्या आहेत, त्यामुळे नाव सांगून कुणाला दुकानात धाडण्यातही अर्थ नाही. ज्यांच्याकडे आहे ते वर्णनावरून ओळखतील. सगळं संगीत इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर करणाऱ्या क्राफ्टवर्क या जर्मन बँडच्या आठ रचना, आठ वेगवेगळ्या कलाकारांनी आपापल्या सिंथेसायझरवर नव्याने वाजवलेल्या. बारा इंची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी. एकूण पाचशे प्रती, त्यातल्या तीनशे काळ्या आणि दोनशे पारदर्शक निळ्या, प्रत्येकीवर हाताने घातलेला क्रमांक. माझी निळी, २१७. परदेशातून मागवली, टपालखर्च आणि कस्टम धरून साडेचार हजारांच्या वर गेली. डिजिटल आवृत्ती नाही, डाउनलोड कोडही नाही.

वाद पहिल्या दिवसापासून सुरू झाला. फोंड्याच्या मित्राचं म्हणणं असं, की अभिषेकीबुवांचं पद दुसऱ्याने गायलं तर गळा बदलतो, ते समजतं. पण क्राफ्टवर्कचा गळा म्हणजेच यंत्र. ड्युसेलडॉर्फच्या आपल्या क्लिंग क्लांग स्टुडिओत त्यांनी तो आवाज घडवला, तोच त्या संगीताचा जीव. दुसऱ्याने दुसऱ्या यंत्रावर तेच स्वर वाजवले तर ती नक्कल झाली. आणि नकलेला साडेचार हजार?

मला हा प्रश्न बरेच दिवस सुटत नव्हता. सुटला तो बाबांमुळे. बाबा चाळीसेक वर्षं भजनी मंडळात पेटीची साथ करत आले आहेत. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मी पहिल्या बाजूचं तिसरं गाणं लावलं होतं, ‘द मॉडेल’. बाबा बाहेर सोप्यावर बसले होते. ते आत आले आणि विचारलं, “चाल कुणाची गो ही?” कोण वाजवतंय, कुठलं यंत्र, यातलं काही नाही. चाल कुणाची, एवढंच.

त्यांच्या ट्रंकेत जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं आहेत. त्यातल्या पदांच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘चाल’ असं छापून पुढे मूळ गाण्याचे पहिले शब्द दिलेले असतात. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ १८८२ सालचं. त्यातल्या कितीतरी पदांच्या चाली आधीच लोकांच्या ओठांवर असलेल्या, काही कानडी, काही लावणीच्या, शिवाय साकी-दिंडीसारखी ठरलेल्या चालीची वृत्तं होतीच. चाल उसनी घेण्यात कमीपणा नव्हता, कुठून घेतली ते वर छापून मोकळे व्हायचे. प्रेक्षक यायचा तो त्या ओळखीच्या चालीचं इथे काय झालंय ते ऐकायला. मी ती पानं काढून फोंड्याच्या मित्राला दाखवली. तो म्हणाला, ठीक, पण ते शब्दांचं झालं.

मग मी अमेरिकी संगीतकार वेंडी कार्लोस यांची आठवण काढली. १९६८ साली मूग नावाच्या सिंथेसायझरवर जुन्या जर्मन संगीतकार बाखच्या रचना वाजवून त्यांनी जी रेकॉर्ड काढली, तिच्यामुळे हा आवाज प्रयोगशाळेतून लोकांच्या दिवाणखान्यात आला. त्या वेळचा मूग एका वेळी एकच स्वर काढायचा. म्हणून बाखची एकेक स्वररेषा वेगळी वाजवून आठ ट्रॅकच्या टेपवर एकावर एक चढवली. यंत्राचा आवाज अनोळखी, पण चाल ओळखीची, म्हणून कान बिचकले नाहीत. म्हणजे सिंथेसायझर घराघरांत पोचला तोच मुळी दुसऱ्याच्या चालीचा हात धरून. यावर तो गप्प राहिला, पटलं मात्र म्हणाला नाही. अजूनही म्हणत नाही.

त्याचं म्हणणं एका ठिकाणी खरं ठरतं, आणि ते मान्य करायला मला दहा महिने लागले. पहिल्या बाजूची सुरुवात ‘ऑटोबान’ने होते, म्हणजे जर्मनीतला महामार्ग. १९७४ सालची मूळ रचना बावीस मिनिटांच्या वर, एलपीची एक सबंध बाजू व्यापणारी. इथे ती सहा मिनिटांत आटपली आहे. पहिल्यांदा ऐकताना छान, चकचकीत वाटली. दहाव्या वेळेला खटकायला लागली. त्या रचनेत रस्त्याचा कंटाळाही संगीताचा भाग आहे. तोच काढून टाकला तर उरते फक्त टॅक्सीची जाहिरात. आता मी सुई थेट दुसऱ्या गाण्यावर ठेवते.

‘द मॉडेल’चं उलट झालं. १९७८ सालचं हे गाणं ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं ते १९८२च्या फेब्रुवारीत, चार वर्षांनी. बालानेस्कू क्वार्टेट या चौघा तंतुवादकांनी १९९२ साली ते व्हायोलिन-चेलोवर वाजवलं, तरी ते मोडलं नाही. इथल्या कलाकाराने तालच काढून घेतला आहे. मागे फक्त पायपेटीसारखा श्वास घेणारा एक लांब स्वर आणि वर चाल. बाबांना चाल ऐकू आली ती त्यामुळेच.

पण माझ्यासाठी ही रेकॉर्ड म्हणजे दुसऱ्या बाजूचं दुसरं गाणं, ‘कॉम्प्युटर लव्ह’. मूळ १९८१चं. त्यातली ती चढून उतरणारी स्वरांची ओळ कोल्डप्ले या इंग्रज बँडने परवानगी घेऊन २००५ साली आपल्या ‘टॉक’मध्ये गिटारवर वापरली, म्हणून तरुण मुलांनाही ती ओळखीची वाटते. इथे लय जवळपास निम्मी केली आहे. प्रत्येक स्वर संपेपर्यंत वाजतो, मग दुसरा येतो. जुलैत रात्री वीज जायची आणि पत्र्यावर पाऊस कोसळत राहायचा, तेव्हा वीज परत आली की मी पहिलं हेच लावायचे. मूळ गाण्यात एकटेपणा आहे हे मला या संथ लयीत कळलं. आधी वीस वर्षं ते मी नुसती मान डोलावत ऐकत होते.

आता तक्रारी. पहिली तक्रार आहे नेमकी याच बाजूची. माझ्या प्रतीत दुसऱ्या बाजूचं मधलं भोक केंद्रापासून जरासं सरकलं आहे. रेकॉर्ड फिरते तेव्हा सुईचा दांडा, म्हणजे टोनआर्म, डावी-उजवीकडे झुलताना डोळ्यांनाही दिसतो. ढोलकी-तबल्याच्या रेकॉर्डवर हे फारसं जाणवलं नसतं. पण सिंथेसायझरचा लांबवलेला स्थिर स्वर म्हणजे या दोषाची परीक्षाच. प्रत्येक फेऱ्याला स्वर किंचित वर-खाली होतो. बाबा म्हणाले, पेटी उतरलीय. मी विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं की प्रती संपल्यात, बदलून देता येणार नाही, पैसे परत हवे असतील तर रेकॉर्ड परत पाठवा. पाठवली नाही. जे आवडतं ते थोडं हललेलंही माझ्याजवळ असावं असं वाटलं.

दुसरी तक्रार शेवटच्या गाण्याची. त्यात झांजेसारखे अतिशय तीक्ष्ण आवाज सलग आहेत, आणि तेच गाणं नेमकं मधल्या लेबलाला चिकटून बसवलं आहे. ३३⅓च्या गतीने बारा इंची तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलापाशी ती २१ सेंटिमीटरवर येते. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा, मग तो फाटतो. हे काही गुपित नाही, रेकॉर्ड कापणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. शांत गाणं शेवटी ठेवलं असतं तर काम झालं असतं. ‘द मॉडेल’ तिथे सहज चाललं असतं.

काळी चांगली की निळी, हा आमचा दुसरा मोठा वाद. म्हापशाच्या मित्राकडे काळी आहे. काळ्या रंगात कार्बन असतो, त्यामुळे खरखर कमी, असं तो छातीठोकपणे सांगायचा. फेब्रुवारीत एका रविवारी तो आपली प्रत घेऊन आला. एकच टर्नटेबल, एकच सुई, आवाज त्याच खुणेवर. पर्वरीच्या मैत्रिणीला पाठ करून बसवलं आणि आम्ही न सांगता बदलत राहिलो. पहिल्या बाजूला तिला फरक सांगता आला नाही, आम्हालाही नाही. दुसऱ्या बाजूला तिने दर वेळी ओळखलं, कारण माझी हलते आणि त्याची हलत नाही. म्हणजे आम्हाला सापडला तो रंगाचा फरक नव्हता, भोकाचा होता. दोन प्रतींवरून सगळ्या निळ्यांना नावं ठेवणं बरं नव्हे, पण म्हापशाचा तेव्हापासून ठेवतोच आहे.

गोव्यात रेकॉर्ड सांभाळायची म्हणजे काय ते मुंबई-पुण्याच्या लोकांना थोडं सांगायला हवं. हणजुणे-वागातोरच्या किनाऱ्यावर जे इलेक्ट्रॉनिक संगीत जगभर गेलं, ते रेकॉर्डवर फारसं वाजलंच नाही. आधी कॅसेट, मग डॅट ही छोटी डिजिटल टेप. ऊन, धूळ नि वाळू यांपुढे व्हायनलचा निभाव लागत नव्हता. घरात ऊन-वाळू नाही, पण दमट हवा आहे. जूनच्या अखेरीस माझ्या कव्हरच्या आतल्या बाजूला पांढरे ठिपके दिसले. तेव्हापासून तबकडी कव्हरच्या बाहेर, वेगळ्या अस्तराच्या पिशवीत. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, रेकॉर्डी उभ्या, सिलिका जेलच्या पुड्या दर पंधरवड्याला वाळवून परत आत. बुरशीचा डाग आला तर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ फडकं, खाचेच्या दिशेने. थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलं तर व्हायनलला चालतं, पण आजोबांच्या जुन्या ७८च्या लाखेच्या तबकड्यांना ते कधी लावू नका, लाख विरघळते. आणि एक सुखद गोष्ट: पावसात स्थिर वीज जवळपास नाही. जानेवारीत जी चटचट होती ती ऑगस्टात गेली.

तिसरा वाद अजून मिटलेला नाही, आणि तिथे मी कुणाचंच ऐकणार नाही. म्हापशाच्या मित्राने दोन प्रती घेतल्या, एक ऐकायला आणि एक सील न फोडता ठेवायला. परदेशात आता तिप्पट किंमत मागतात म्हणे. पर्वरीच्या मैत्रिणीला मिळालीच नाही. तिच्याकडे टर्नटेबलही नाही, आणि डिजिटल नसल्यामुळे तिला ‘कॉम्प्युटर लव्ह’ ऐकायचं तर डिचोलीला यावं लागतं. थोड्याच प्रती काढण्यामागची अडचण मला समजते. चालींच्या मालकांना मानधन द्यावं लागतं, साचे करावे लागतात. आपल्या कॉपीराइट कायद्यातलं २०१२ सालचं कलम ३१सी तर दुसऱ्याचं गाणं असं नव्याने वाजवून काढायचं असेल तर दर रचनेमागे वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींचं मानधन आधी भरायला सांगतं. त्या वाटेने इथे कुणी पाचशे प्रतींची रेकॉर्ड काढूच शकणार नाही, मालकाकडून थेट परवानगी मिळवावी लागेल. पण प्रती कमी काढणं वेगळं, आणि ऐकण्याची दुसरी वाटच बंद ठेवणं वेगळं. चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत रोलंड कंपनीच्या ज्युपिटर-८ सिंथेसायझरवर, साथीला टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही बेस नि तालाची यंत्रं घेऊन, दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. तेव्हा ती रेकॉर्ड खपली नाही, मूळ प्रती दुर्मीळ झाल्या. २०१० साली पुन्हा निघाली तेव्हा जगाला कळलं की ॲसिड हाउस या शिकागोत जन्मलेल्या नाचाच्या संगीतासारखा आवाज शिकागोच्या आधी इथे उमटला होता. तो माणूस हयात होता म्हणून त्याला ते कौतुक बघता तरी आलं. सील केलेल्या प्रतींनी त्याचं काही भलं झालं नसतं.

चवथीला दीड दिवसाचा गणपती होता. आरत्या आटोपल्या, घुमट नि शामेळ ही आरतीची तालवाद्यं भिंतीला टेकवून ठेवलेली. मुलं गणपतीवर बांधलेल्या फळा-फुलांच्या माटोळीखाली लोळत होती. मी हळू आवाजात दुसरी बाजू लावली. बारा वर्षांच्या भाच्याने घुमट मांडीवर ओढलं आणि ‘कॉम्प्युटर लव्ह’च्या त्या संथ लयीत, दोन स्वरांच्या मधल्या रिकाम्या जागेत, एकेक थाप टाकायला सुरुवात केली. डाव्या हाताने मडक्याचं तोंड झाकून-उघडून तो घुमारा लांबवत होता. स्वर हलत होता, तशीच त्याची थापही हलत होती. बाबांनी पेटी पुढे घेतली, सूर शोधला आणि दोन फेऱ्यांत चाल धरली. फोंड्याचा मित्र दर्शनाला आला होता, तो दारातच उभा राहिला आणि गाणं संपेपर्यंत आत आला नाही.

मग म्हणाला, परत लाव.