‘ओरिजिनल फुक्स’ म्हणून गळ्यात मारलेली ओतीव चाकं

जुन्या पोर्शे ९११ साठी फुक्सची मूळ अलॉय चाकं शोधत असाल, तर टोकन देण्याआधी हे वाचा. एकाच वर्षाचा, जुळणारा, मूळ सेट म्हणून मला चार चाकं विकली गेली. त्यातलं जाहिरातीत लिहिल्याप्रमाणे निघालं ते फक्त एक. दोन चक्क ओतीव नकला, आणि चौथं खरं, पण तडा वेल्डिंगने बुजवलेलं. विकणारा नवखा नव्हता. या चाकाच्या खोडी त्याला पुरेपूर ठाऊक होत्या आणि त्यांचाच त्याने वापर केला.

ही चाकं १९६६ मध्ये ९११ एस बरोबर आली. ओटो फुक्स ही धातू घडवण्याच्या कामातली जर्मन कंपनी. त्यांनी चाक साच्यात ओतलं नाही, घडवलं. आधी प्रचंड दाबाखाली पाच पाकळ्यांचा मधला भाग, मग त्याच तुकड्याची कड फाकवून आणि रोल करून रिम. म्हणून ते हलकं आणि तरीही दणकट. सुरुवातीला रुंदी साडेचार इंच, मग साडेपाच, १९६९ च्या मॉडेलपासून सहा. खरी गोम या सहा इंचीत आहे. आधीच्या सहा इंची चाकात पाकळ्यांचा चेहरा आत खोल बसतो, त्याला जाणकार ‘डीप सिक्स’ म्हणतात. पुढे सत्तरच्या दशकात तोच चेहरा बाहेर, सपाट आला. रुंदी मात्र दोन्हींची सारखीच. त्यामुळे ‘सहा इंची, ओरिजिनल’ एवढं लिहिलेली जाहिरात खोटी नसतानाही दिशाभूल करू शकते, आणि किमतीत तर जमीन-अस्मानाचा फरक.

मला पाठीमागच्या बाजूचे चार फोटो आले होते, प्रत्येक चाकाचा एक. प्रत्यक्षात चारही फोटो एकाच चाकाचे! व्हॉल्व्हच्या भोकाशेजारी नखाएवढा टवका उडालेला आहे, तो चारही फोटोंत आहे. चाक थोडं फिरवायचं, उजेडाची बाजू बदलायची, की झाला वेगळा फोटो. समोरून काढलेले फोटो दुरून, आणि टायर चढवलेले. ‘टायर माझ्याकडून फुकट’ हे त्याचं औदार्य. टायर चढवलेला असला की रिमची आतली बाजू कुणाला दिसणार?

बॅलन्सिंगला एका चाकावर वजनं चिकटवता चिकटवता टायरवाला वैतागला, तेव्हा टायर उतरवले. दोन चाकांची पाठ सँडपेपरसारखी खरबरीत निघाली, म्हणजे सरळसरळ कास्टिंग. खऱ्या चाकाची पाठ घडवून, कातून गुळगुळीत केलेली असते. नकली चाकाच्या पाकळ्याही कडेला जाड होत्या, पण हे दोन्ही प्रकार शेजारी ठेवल्याशिवाय डोळ्यांना कळत नाही. वजनकाट्यावर मात्र लगेच कळलं. मागे तारखेचे आकडेसुद्धा ठोकले होते. भिंगातून पाहिलं तर आकड्यांच्या तळाशी कोरा चकचकीत धातू आणि आजूबाजूला मुद्दाम फासलेला मळ.

यापेक्षा वाईट गोष्ट नटांच्या भोकांत सापडली. पोर्शेच्या नटाची बैठक गोलाकार असते, या नकलांची शंकूसारखी होती. गोल नट शंकूत आवळला की तो बारीकशा कड्यावरच टेकतो आणि चालत्या गाडीत ढिला होऊ शकतो. पैसे गेले ते गेले, पण इथे चाक निसटण्याचा प्रश्न होता.

चौथं चाक आरशासारखं चमकत होतं, आणि तीच त्याची चुगली ठरली. मूळ चाकावर अ‍ॅनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने चढवलेला ऑक्साइडचा, थर असतो, त्याची चमक मंद असते. झगझगाट दिसला म्हणजे थर काढून बफिंग मारलंय असं समजावं. हा थर वीज वाहू देत नाही, म्हणून मल्टिमीटरच्या दोन्ही सुया पृष्ठभागावर अलगद टेकवल्या आणि सर्किट जुळलं, तर थर गेलेला आहे. (वर लॅकर मारलं असेल तरीही सर्किट जुळत नाही, तेव्हा ‘जुळलं नाही’ एवढ्यावर हुरळून जाऊ नका.) इथे बफिंगखाली आतल्या कडेवर वेल्डिंगची रेघ लपवली होती. घडवलेल्या अ‍ॅल्युमिनियमची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून येते. वेल्डिंगची आच लागली की त्या पट्ट्यात धातू मऊ पडतो. असं चाक शोकेसमध्ये ठेवायला ठीक, रस्त्यावर नाही.

विक्रेत्याला फोन केला. आधी म्हणाला, ‘जुना माल आहे साहेब, थोडंफार चालायचंच.’ मग म्हणाला, ‘तुम्ही टायर उतरवलेत, आता परत घेता येणार नाही.’ टायर न उतरवता दोष दिसत नाही, आणि उतरवले की सौदा पक्का! कसली चोख बांधणी केली होती गड्याने. त्यानंतर फोन लागेना.

आता मी टायर चढवलेलं चाक घेतच नाही. प्रत्येक चाक काट्यावर ठेवून, न थांबवता उलटवून, पाठ, आकडे आणि नटांची भोकं दाखवणारा एक सलग व्हिडिओ मागतो. फोटोवर भागवायचं झालं तर चारही चाकांच्या पाठी एकाच फोटोत हव्यात.

लॅम्बोर्गिनी मिउरासारख्या गाड्यांची मॅग्नेशियमची चाकं घेणाऱ्यांनी तर आणखी जपावं. मॅग्नेशियम अ‍ॅल्युमिनियमपेक्षा हलकं, पण ते आतून पोखरलं जातं आणि वर ताजा रंग मारला की काहीच दिसत नाही. तिथे रंग खरवडून, भेगा दाखवणारं रंगद्रव्य लावून तपासणी होईपर्यंत पैसे खिशातच राहू द्या. ‘आत्ताच रंगवलंय, खरवडू नका’ असं विकणारा म्हणाला, तर मी तिथूनच परत फिरेन.