गुलमर्गसाठी घेतलेलं स्की जॅकेट आणि बेळगावचा पावसाळा: वापरानंतरचा अनुभव

गेल्या जानेवारीत गुलमर्गला स्की शिकायला जायचं ठरलं तेव्हा हे जॅकेट घेतलं. आता दुसरा हिवाळा आलाय. मधल्या काळात ते बर्फात कमी आणि खानापूर, जांबोटी, चोर्ला या रस्त्यावर मोटरसायकलवर जास्त फिरलंय. त्यामुळे ज्याला फक्त बर्फापुरतंच जॅकेट हवंय त्याला या लिखाणातला निम्मा भाग फालतू वाटेल. पण बेळगावातला माणूस आठवड्याभराच्या बर्फासाठी एवढे पैसे घालतो तेव्हा उरलेलं वर्ष त्या कपड्याचं करायचं काय, हा प्रश्न घरात पहिला येतोच.

ब्रँड सांगत नाही. मॉडेलं दरवर्षी बदलतात, मी घेतलेलं आता मिळणारही नाही. टॅगवरचं सांगतो: आत अस्तर भरलेलं नाही, नुसतं शेल, म्हणजे वरचं कवच. पाणी अडवण्याचा आकडा १५,००० मिमी, घामाची वाफ सोडण्याचा (एका चौरस मीटर कापडातनं दिवसभरात) १०,००० ग्रॅम. सगळ्या शिवणी आतून टेप केलेल्या. काखेत चेन, हेल्मेटवरून ओढता येणारी टोपी, कमरेला आतून बर्फ अडवणारा इलॅस्टिकचा घेर, डाव्या बाहीवर लिफ्टच्या पाससाठी छोटा खिसा. बारा हजारांच्या घरात पडलं.

माझ्याबरोबर आलेल्या शहापूरच्या मित्रानं जाड, भरलेलं जॅकेट घेतलं होतं. दुकानात घालून बघितलं तर त्याचंच बरं वाटत होतं, हे कबूल. पण स्की शिकणारा माणूस पहिले दिवस काय करतो? पडतो, उठतो, आणि स्की लावून आडव्या पावलांनी उतार चढतो. गुलमर्गचं मैदान २,६५० मीटरवर आहे, तिथं सकाळी शून्याच्या खाली असलं तरी दहा-पंधरा मिनिटांत अंगातून पाणी निघतं. मित्र दुपारपर्यंत आतून भिजलेला असायचा आणि जेवायला बसलं की कुडकुडायला लागायचा. आत शिवलेला थर त्याला काढता येत नव्हता. मी अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीस म्हणजे लोकरीसारखं मऊ जॅकेट, आणि वर हे शेल असं घालायचो. चढताना फ्लीस पिशवीत, थांबलं की परत अंगावर. हे शहाणपण माझं नाही. आमच्या गल्लीत मराठा लाइट इन्फंट्रीतनं निवृत्त झालेले एक सुभेदार काका आहेत, काश्मीरमध्ये बरीच वर्षं काढलेले. जायच्या आधी त्यांनी एकच सांगितलं होतं, “घाम यायच्या आधी एक कपडा काढ, थंडी वाजायच्या आधी घाल.”

शेलची दुसरी बाजूही सांगायला हवी. गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्यानं गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगराकडे गेलो, ३,९०० मीटरच्या वर. तिथला वारा वेगळाच. थर्मल आणि फ्लीसवर उभं राहणं मला जमेना. आत पातळ डाऊन (पक्ष्यांची मऊ पिसं भरलेलं) जॅकेट चढवलं तेव्हा कुठं जीवात जीव आला. मित्र मात्र तिथं मजेत होता. म्हणजे खुर्चीच्या लिफ्टवर बसून राहणारा, किंवा पोरांना शिकायला सोडून बाजूला उभा राहणारा माणूस असेल, तर त्यानं भरलेलंच घ्यावं. नुसतं फिरायला जाणाऱ्यानं तर काहीच विकत घेऊ नये. गुलमर्गच्या खालच्या टंगमर्ग गावात लांब कोट आणि गमबूट भाड्यानं मिळतात, तेवढ्यावर भागतं.

कमरेच्या घेराला दुकानात हसलो होतो, पण पडल्यावर पाठीकडून बर्फ शर्टात शिरतो तेव्हा त्याची किंमत कळते. स्नोबोर्ड करणारे तर उतारावर बसतातच, त्यांनी मागून लांब आणि जरा ढगळं बघावं. बाहीत शिवलेला रेको रिफ्लेक्टर नावाचा तुकडा काही जॅकेटांत असतो. हिमस्खलनात सापडलेल्याला शोधायला बचाव पथकाच्या यंत्राला त्याची मदत होते, पण त्या पथकाकडे ते यंत्र असावं लागतं. त्याच्या जोरावर आखलेला उतार सोडून जाऊ नये. २०२३ च्या फेब्रुवारीत अफरवटवरच दोन पोलिश स्कीयर हिमस्खलनात गेले.

आता पाऊस. बर्फात हे जॅकेट एकदाही ओलं झालं नाही. त्याचं कौतुक जॅकेटपेक्षा थंडीला जास्त आहे. उणे तापमानातला बर्फ कोरडा असतो, झटकला की पडतो. मार्चमधल्या दुपारी ऊन लागून मऊ झालेल्या बर्फावर बसलात तर गोष्ट वेगळी. खरी परीक्षा जुलैत चोर्ल्याच्या रस्त्यावर, कणकुंबीच्या अलीकडे झाली. १५,००० मिमी म्हणजे कापडावर पंधरा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपत नाही. ऐकायला जबरदस्त. पण मोटरसायकलवर पाणी कापडातनं येतच नाही, ते गळ्यातनं, मनगटातनं आणि बसल्यावर मांडीवर साचून पुढच्या चेनीतनं येतं. चेनीवर आतून झाकणारी पट्टी आहे म्हणून मी वाचलो. शिवणी फक्त खांद्यावर आणि टोपीला टेप केलेली स्वस्त जॅकेटं असतात. बर्फाला ती पुरतात, आमच्या पावसाला नाही. दोन्हींच्या टॅगवर आकडा मात्र तोच असू शकतो, म्हणून शिवणी आतून हात फिरवून बघा.

त्याहून मोठी अडचण घामाची. असलं कापड वाफ बाहेर ढकलतं ते आत ऊबदार-दमट आणि बाहेर थंड-कोरडं असतं म्हणून. गुलमर्गला हा फरक भरपूर. जांबोटीच्या जंगलात जुलैत बाहेरचीच हवा पाण्यानं भरलेली, तापमान वीस-बावीस. वाफ जाणार कुठं? घरी येऊन जॅकेट काढलं की शर्ट ओला, आणि वाटतं जॅकेट गळतंय. ते गळत नसतं. इथं १०,००० चं २०,००० केलं तरी फार फरक पडत नाही, शिवाय कंपन्या हा आकडा वेगवेगळ्या पद्धतीनं मोजतात, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडूनही उपयोग नाही. उपयोग होतो तो काखेतल्या चेनीचा. खानापूर तालुक्यात भात लावताना बायका पाठीवर इरलं घेतात, वरून पाणी निघून जातं आणि बाजू उघड्या राहतात, तसंच हे काम. चेन नसलेलं शेल आमच्या भागातल्या माणसानं घेऊच नये, मग आकडा कितीही असो. (पेट्रोल पंपावरच्या पोरानं मात्र ते बघून विचारलंच, “हे घालून कुठं जाऊलैस बा, चंद्रावर?”)

ऑगस्टपर्यंत खांद्यावर आणि पोटावर पाण्याचे थेंब घरंगळायचे बंद झाले, कापड काळपट ओलं दिसायला लागलं. आतला पाणी अडवणारा पडदा शाबूत होता, वरचा पाणी झटकणारा लेप गेला होता. हल्ली हे लेप फ्लोरिनशिवाय करतात. जुन्या लेपातली पीएफएएस नावाची फ्लोरिनची रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं टिकून राहतात, आणि कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून बहुतेक कपड्यांत ती वापरायला बंदीच आहे. बदल योग्यच. पण नवा लेप पाणी झटकतो, तेल झटकत नाही, आणि चोर्ल्याच्या रस्त्यावर ट्रकच्या मागनं उडणारा चिखल तेलकटच असतो. त्यामुळे धुणं वाढलं. साधी पावडर आणि कपडे मऊ करणारं कंडिशनर दोन्ही टाळा, त्यांचा अंश कापडावर राहून उलट पाणी ओढून घेतो. मी अशा कपड्यांसाठी मिळणारं पातळ साबण वापरतो, तीन-तीनदा खळबळतो, आणि वाळल्यावर वर सुती कापड ठेवून अगदी मंद इस्त्री फिरवतो. उष्णतेनं लेप परत जागा होतो. लेबलवर इस्त्रीवर फुली असेल तर मात्र हे करू नका. त्यानंतरही थेंब टिकेनात तेव्हा फवारायचा लेप मागवून मारला, आता बरं आहे.

ठेवायचं कुठं, हे आमच्याकडे खरंच महत्त्वाचं. दमट आणि गरम जागेत घडी घालून दाबून ठेवलं की असल्या कापडाच्या आतला पॉलियुरेथेनचा थर हळूहळू विघटित होतो, चिकट होतो, पापुद्रे सुटतात, टेप उचलते. पावसाळ्यातलं बंद कपाट म्हणजे नेमकी तीच जागा. माझं हँगरवर, खोलीतल्या उघड्या खुंटीला असतं. मित्राचं ट्रंकेत गेलं, आणि दसऱ्याला काढलं तेव्हा कॉलरला बुरशी होती. डाऊन नव्हतं म्हणून धुवून निभावलं.

आजची स्थिती: उजव्या खांद्यावर, सॅकचा पट्टा घासतो तिथं, टेपचं टोक दोन बोटं सुटलंय. खिशाच्या चेनीचा स्लायडर बाजारातल्या बॅग दुरुस्तीवाल्याकडून बदलून घेतला. बाकी कापड ठणठणीत. या फेब्रुवारीत परत गुलमर्गचं चाललंय. मित्रानं या वेळी स्वतःसाठी शेल बघायला सुरुवात केलीय, आणि मी त्याचं जाड जॅकेट अफरवटच्या दिवसापुरतं मागून ठेवलंय.