प्रेक्षकांतला माइक: ब्रिटनच्या निवडणुकीतल्या टीव्ही चर्चा, लालबागहून पाहिलेल्या

आधी व्यवहाराचं सांगतो. ब्रिटनच्या २०२४ च्या निवडणुकीत पक्षनेत्यांच्या ज्या चर्चा टीव्हीवर झाल्या, त्या मी लालबागच्या घरात बसून यूट्यूबवर बघितल्या. वेगळे पैसे लागले नाहीत. चित्र थोडं कमी दर्जाचं ठेवलं, तर रोजच्या डेटात एक चर्चा आरामात बसते. वेळ मात्र आपल्या झोपेची. तिकडचे रात्रीचे नऊ म्हणजे इथले दीड. तरी जागून बघितल्या, कारण माझा धंदाच माइकचा. गेली एकतीस वर्षं सभांना, पूजेला, गणपतीला माइक आणि स्पीकर भाड्याने देतो. पांढऱ्या-भगव्या-निळ्या-हिरव्या सगळ्या व्यासपीठांखाली माझ्या वायरी गेल्या आहेत. नेता बोलतो तेव्हा लोक त्याच्या तोंडाकडे बघतात, मी माइककडे बघतो. हा रिव्ह्यूही तसाच, माइकच्या बाजूने.

बघायला लावलं भाचीने. ती लंडनला नोकरीला आहे, पासपोर्ट भारताचा. तरी तिला तिथे मतदान करता येतं, कारण राष्ट्रकुल देशांतल्या तिथे राहणाऱ्या नागरिकांना तो हक्क आहे. हे मला तिच्याकडूनच कळलं. "मामा, तू आयुष्यभर सभा ऐकल्यास, आता ही एक बघ," म्हणाली.

पहिली चर्चा आयटीव्ही या वाहिनीची, ४ जूनच्या रात्री. त्या दिवशी आपल्याकडे लोकसभेची मतमोजणी होती. वायव्य मुंबईचा निकाल ४८ मतांवर आला होता आणि चाळीत कोणी झोपायला तयार नव्हतं. सगळे टीव्ही बंद झाल्यावर मी मोबाइल उशीला टेकवून बसलो. सॅलफर्डचा स्टुडिओ, दोन पोडियम, एका बाजूला तेव्हाचे पंतप्रधान, हुजूर पक्षाचे ऋषी सुनक, दुसरीकडे विरोधी लेबर म्हणजे मजूर पक्षाचे कीर स्टार्मर, मध्ये सूत्रसंचालक ज्युली एचिंगम. उत्तराला ४५ सेकंद.

४५ सेकंद म्हणजे किती, हे माइकवाल्याला विचारा. आपल्याकडे व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं घ्यायला त्याच्या दहापट वेळ जातो. म्हणून मला सुरुवातीला ही घडी फार आवडली. अर्ध्या तासाने आवडेनाशी झाली. एवढ्या वेळात माणूस विचार सांगू शकत नाही, पाठ केलेलं वाक्य टाकतो. सुनक यांनी एकच वाक्य धरलं होतं: लेबर आलं तर प्रत्येक कुटुंबाचा कर २,००० पौंडांनी वाढेल. ते पुन्हा पुन्हा आलं. स्टार्मर यांनी ते ठणकावून खोडायला फार उशीर लावला. दुसऱ्या दिवशी अर्थखात्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचं पत्र बाहेर आलं, की हे आकडे सरकारी अधिकाऱ्यांनी काढलेत असं दाखवू नये. शिवाय ती रक्कम एका वर्षाची नव्हती, चार वर्षांची मिळून होती. पण पत्र वाचणारे किती आणि रात्री ऐकणारे किती? सभेतही हेच होतं. माइकवरून गेलेला शब्द परत घेता येत नाही. चर्चेत कोण सरस, यावर लगेच झालेल्या यूगव्ह या संस्थेच्या पाहणीत सुनक ५१ टक्के, स्टार्मर ४९.

आवाजाच्या दृष्टीने या चर्चेला मी कमी गुण देतो. दोघांचे माइक एकाच वेळी उघडे राहिले आणि दोघे एकमेकांवर बोलले की नुसता कल्ला व्हायचा, शब्द सुटा ऐकू येईना. शेवटी सूत्रसंचालकबाईंना दोघांचा आवाज खाली आणावा लागला. बोलणाऱ्याचा माइक वर आणि दुसऱ्याचा निम्मा खाली, एवढं मिक्सरवरच्या माणसाला करता आलं असतं. इंग्रजी उपशीर्षकं आपोआप येतात, त्यांच्यावर भरवसा ठेवू नका, नावं हमखास चुकतात. मधल्या एका चर्चेत आमच्या नेटवाल्याची लाइन वीस मिनिटं गेली, तो भाग सकाळी बघावा लागला.

आता थोडं मागे जातो, कारण या प्रचाराची सुरुवातच माझ्या धंद्यातली आहे. २२ मे रोजी सुनक पंतप्रधानांच्या घराच्या, १० डाउनिंग स्ट्रीटच्या दारात उभे राहिले आणि निवडणूक जाहीर केली. पाऊस पडत होता, डोक्यावर छत्री नाही. कोट खांद्यावर काळा पडत गेला. फाटकाबाहेर एका आंदोलकाने स्पीकरवर गाणं लावलं होतं, १९९७ साली लेबरने विजयाच्या प्रचारात वाजवलेलं. पंतप्रधानांच्या माइकमध्ये ते गाणं स्पष्ट येत होतं.

हे बघताना कुठल्याही मराठी माणसाला साताऱ्याची सभा आठवणार. १८ ऑक्टोबर २०१९, शरद पवार भर पावसात बोलले आणि त्या पावसाने सभा उचलली. मग एकाला पाऊस लाभला आणि दुसऱ्याला का नडला? मला वाटतं, साताऱ्यात समोरचे लोकही भिजत होते. बोलणारा आणि ऐकणारा एका पावसात होते आणि मैदानात आवाज एकच होता. लंडनमध्ये समोर जनता नव्हती, कॅमेरे होते आणि आवाज दोन होते. दुसरा आवाज बंद करता येत नसेल तर कार्यक्रम आत घ्यायचा, हे मंडपात काम करणारं पोरही सांगेल. आत हॉल होता, कोरडा.

नंतरही सुनक यांच्या माणसांनी जागा निवडताना विचार केला नाही. दोन दिवसांनी बेलफास्टला नेलं ते टायटॅनिक जहाज जिथे बांधलं त्या भागात. पत्रकाराने बुडत्या जहाजाचे कप्तान आहात का, हे विचारलंच. आणि ६ जूनला तर फ्रान्समध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या लढाईच्या ८० व्या स्मरणदिनाचा कार्यक्रम अर्धा टाकून ते परत आले आणि टीव्हीला मुलाखत दिली. नव्वदी-शंभरीचे म्हातारे सैनिक तिथे बसलेले. दुसऱ्या दिवशी माफी मागावी लागली. ही गोष्ट मला आजही लागते. टीव्हीची मुलाखत उद्याही होते, ते म्हातारे पुढच्या दशकाच्या कार्यक्रमाला असतील का?

याच्या अगदी उलट एड डेव्ही, लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे. विंडरमिअर तळ्यात फळीवर उभं राहून वल्हवताना पाण्यात पडले, पुढे करमणूक बागेतल्या पाळण्यात बसले, दोर बांधून उंचावरून उडी मारली. आधी मला ते आवडलं नाही, पुढाऱ्याने असं करू नये वाटलं. पण ते पडले ते त्या पाण्यात, ज्यात सांडपाणी सोडलं जातं, आणि बोलले त्याच सांडपाण्यावर. कॅमेरा पडण्यासाठी आला आणि बोलणं घेऊन गेला. मग पक्षाच्या प्रसारणात ते आपल्या अपंग मुलाला सांभाळताना दिसले. स्वतःच्या आजारी आईची सेवा त्यांनी शाळकरी वयात केली होती. तेव्हा पटलं की माणूस पोकळ नाही. पक्षाच्या जागा २०१९ ला ११ होत्या, या वेळी ७२ झाल्या. पाण्यात पडल्याने एवढ्या येत नाहीत, कुठे लढायचं हे त्यांनी नीट ठरवलं होतं. पण पाण्यात पडल्याशिवाय त्यांच्याकडे कॅमेरा वळला असता असं वाटत नाही.

प्रसारण म्हणालो त्याचा खुलासा करतो. तिकडे टीव्हीवर आणि रेडिओवर राजकीय जाहिरात पैसे देऊन करायला कायद्याने बंदी आहे. पक्षांना ठरलेला वेळ फुकट मिळतो. आपल्याकडे दूरदर्शन आणि आकाशवाणीवर तसा वेळ देतात, पण बाकी वाहिन्यांवर पैशाची जाहिरात चालते. हा फरक माझ्या मते फार मोठा आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

१२ जूनला स्काय न्यूज या वाहिनीने ग्रिम्सबी या बंदराच्या गावात कार्यक्रम केला. दोघांना समोरासमोर आणलं नाही. एकेकाला आधी पत्रकार बेथ रिग्बी यांनी सोलून काढलं, मग समोर बसलेल्या लोकांनी. एका माणसाने स्टार्मर यांना तोंडावर सांगितलं, की तुम्ही मला राजकारणातल्या यंत्रमानवासारखे वाटता. स्टार्मर गडबडले. ते क्षणभराचं गडबडणं त्यांच्या शंभर भाषणांपेक्षा जास्त खरं होतं. सुनक यांनी दवाखान्यांच्या लांबलेल्या रांगांचं खापर डॉक्टरांच्या संपावर फोडलं तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली.

याच कार्यक्रमात स्टार्मर म्हणाले, माझे वडील कारखान्यात अवजारं बनवायचे. आणि लोक हसले. कारण हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की लोकांना पुढचा शब्द पाठ झाला होता. मी हसू शकलो नाही. माझे वडील गिरणीत साचे खात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. पुढे वडील परत साच्यावर गेले नाहीत. स्टार्मर खोटं बोलत नव्हते. पण बापाचे कष्ट रोज माइकवरून सांगितले की तेही झिजतात, हे मला त्या हशात ऐकू आलं.

२० जूनला यॉर्कमध्ये बीबीसीचा 'क्वेश्चन टाइम' झाला. चार नेते, प्रत्येकाला अर्धा तास, प्रश्न फक्त प्रेक्षकांचे. तिथे बारकाईने बघा. प्रेक्षकाने बोलायला सुरुवात केली की लांब दांड्याचा माइक त्याच्या डोक्यावर येतो. माइक त्याच्या हातात देऊन कोणी काढून घेत नाही. त्याला उठून कुठे जावं लागत नाही. तो बसल्या जागी बोलतो आणि त्याचा आवाज नेत्याच्या आवाजाइतकाच भरीव येतो. माझ्या धंद्यात याला समान लेव्हल म्हणतात. डेव्ही यांना तिथे विद्यार्थ्यांची फी आणि संगणकाच्या चुकीने चोर ठरवलेल्या पोस्टमास्तरांवरचा अन्याय यावरून लोकांनी धुतलं, आणि ते पाण्यातलं हसू कुठल्या कुठे गेलं.

२६ जूनला नॉटिंगहॅमला शेवटची समोरासमोर चर्चा. सूत्रसंचालक मिशाल हुसेन यांनी वेळ छान सांभाळला. बाहेरच्या निदर्शकांच्या घोषणा आत येत होत्या, तरी पकड सुटली नाही. तिथे एका प्रेक्षकाने विचारलं, की या मोठ्या देशाच्या पंतप्रधानपदासाठी आमच्याकडे खरंच तुम्हीच दोघे सर्वांत चांगले आहात का? मोबाइल हातात धरून मी उठून बसलो.

आपल्याकडे मे महिन्यात दोन निवृत्त न्यायमूर्तींनी आणि एका ज्येष्ठ संपादकांनी पंतप्रधानांना आणि राहुल गांधींना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं होतं. ती चर्चा झाली नाही. तिकडेही नेते टाळतात. २०१७ साली तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी स्वतः न जाता आपल्या एका मंत्र्याला पाठवलं. २०१९ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन हवामानावरच्या चर्चेला आले नाहीत, तर चॅनल फोर वाहिनीने त्यांच्या जागी बर्फाचा पृथ्वीगोल ठेवला आणि तो कार्यक्रमभर वितळत राहिला. न येण्याची किंमत मोजावी लागते, एवढी व्यवस्था त्यांनी केली आहे.

माझी किंमत मी २०१९ पासून मोजतो आहे. काळाचौकीच्या एका मैदानात सभा होती. पक्ष कुठला ते सोडा. भाषण संपता संपता पुढच्या रांगेतल्या एक आजी उठून माझ्या टेबलाशी आल्या. "बाळा, जरा तो माइक दे. पाण्याचं विचारायचंय." माझ्या हातात जादा माइक होता, बॅटरी नवी होती. आयोजकांपैकी एकाने मान हलवून नाही म्हटलं आणि मी माइक पेटीत ठेवला. आजी दोन मिनिटं तिथेच उभ्या राहिल्या, मग पदर सावरून गेल्या. एकतीस वर्षांच्या माझ्या कोटेशनांत व्यासपीठाचे माइक आहेत, पोडियमचा आहे, कॉलरचा आहे. प्रेक्षकांसाठी माइक एकाही कागदावर नाही. कोणी मागितला नाही आणि मीही सुचवला नाही.

४ जुलैला तिकडे मतदान झालं. त्या संध्याकाळी पोरं मरीन ड्राइव्हला विश्वचषकाची बस बघायला गेली होती, घसा बसवून मध्यरात्री परतली. मी अडीचपर्यंत जागा होतो, कारण तिकडचे दहा वाजले की मतदान संपतं आणि त्याच क्षणी एक्झिट पोल येतो. लेबरला ४१० जागा, असा अंदाज. प्रत्यक्षात ४११ आल्या. सुनक यांचा पक्ष १२१ वर थांबला. भाचीचा मेसेज होता, "मामा, बोटाला शाई नाही, पेन्सिलीने फुली मारली."

ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी ग्रिम्सबी आणि यॉर्क हे दोन कार्यक्रम बघावेत. सॅलफर्डची चर्चा सोडली तरी चालेल. इंग्रजी बेताचं असेल तर हेडफोन लावा आणि प्रश्न विचारणाऱ्यांचे चेहरे बघा.

विधानसभेच्या सभांचं कोटेशन मी नव्याने छापून घेतलं आहे. शेवटची ओळ: प्रेक्षकांसाठी माइक दोन, भाडं नाही. लॅमिंग्टन रोडवरून तीस मीटर केबल आणली. परवा सकाळी मैदान रिकामं होतं तेव्हा अंथरून बघितली. व्यासपीठापासून मागच्या गुलमोहराच्या पारापर्यंत पोचते.